दोनशे पावलं गिट्टी

मी चौतीस वर्षं रेल्वेत होतो, त्यातली सव्वीस रुळांचा इन्स्पेक्टर म्हणून. रुळांखाली जी खडी असते, जिला इकडे सगळे गिट्टी म्हणतात, ती ठेकेदारानं किती टाकली, तिच्यात माती किती मिसळली, ढिगाच्या पोटात काय दडवलं, हे शोधून काढणं माझं काम. त्या कामानं मला पेन्शन दिली आणि संशय घ्यायची सवय दिली. सुनीती म्हणते, पेन्शन तरी महिन्यातून एकदाच येते.

सुनीती माझी बायको. ती बालाजी घाटावरची; तिच्या माहेरच्यांच्या सात पिढ्या काशीत गेल्या. मी नोकरीपायी साताऱ्याकडून आलो आणि इथलाच झालो. निवृत्त झाल्यावर गंगेच्या पलीकडे, रामनगर आणि पडाव यांच्या मधे अडीच बिघे जमीन घेतली आणि घर बांधलं. घर रस्त्यापासून आत बांधायचा हट्ट माझा. रस्त्यालगत राहिलं की दारावरून कोण गेलं आणि कशासाठी गेलं याचा पत्ता लागत नाही; आत राहिलं की जो येईल तो लांबूनच दिसतो. म्हणून मोठ्या रस्त्यापासून आमच्या पायरीपर्यंत दोनशे पावलांची वाट झाली. तिच्यावर मी चुनारकडची गिट्टी टाकली. एकसारख्या आकाराची, स्वच्छ, मातीचा कण नाही. ठेकेदार म्हणाला होता, "साहब, थोड़ी मोरम तो मिलानी पड़ेगी." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. गिट्टीत माती मिसळणाऱ्यांची बिलं मी जन्मभर अडवत आलो होतो. आता माझ्याच दारात ते चालू देणार होतो होय?

गेल्या वर्षी सुनीती न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर धरून घरातल्या घरात चालते. बाहेर जायचं तर सायकलरिक्षा हवी, आणि रिक्षा आमच्या वाटेवर येत नव्हती. सुट्या गिट्टीत पुढचं चाक रुतायचं. रिक्षावाले कोपऱ्यावरूनच हात हलवायचे. दोनदा शेजारच्या चौघांनी तिला खाटेवर घालून कोपऱ्यापर्यंत नेलं. दुसऱ्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं खांद्यावरची खाट पाहिली आणि सवयीनं हात जोडले. काशीत त्याचं काही चुकलं नाही. सुनीती घरी आल्यावर बोलली.

"चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाईन, आणि तेव्हा मला काही समजणार नाही. आता नाही जायची. दसऱ्यापर्यंत रिक्षा ह्या पायरीला लागली पाहिजे, बस. नाही लागली तर मी दादाकडे जाते, हमेशासाठी. तुम्ही राहा तुमच्या गिट्टीबरोबर."

पंचाण्णव सालचे गणपती नुकतेच झाले होते. दसऱ्याला महिनाही उरला नव्हता. ती गंमत करत नव्हती, हे मला तिच्या आवाजावरून कळलं आणि मी घाबरलो. मला तिच्याशिवाय राहता येत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्याचा काय उपयोग करील, असा एक विचार मनात येतोच.

भाजीच्या वावरासाठी घेतलेला एक जुना ट्रॅक्टर माझ्याकडे होता. त्याच्या मागे जोडून वाट सारखी करायचं काहीतरी अवजार घेतलं की काम झालं. पण त्याआधी एक चोर पकडायचा होता. गिट्टी कमी होत होती. दोन ट्रक टाकली होती, आणि पावसाळ्याच्या शेवटी वाटेच्या मधोमध चिखल दिसायला लागला होता. दगड काही स्वतःहून उठून जात नाहीत.

रेल्वेत आम्ही गिट्टीच्या ढिगावर चुन्याचं पाणी शिंपडायचो. कुणी हात मारला की पांढऱ्यात काळं दिसायचं. मी आषाढातच पांढरा ऑइलपेंट आणून दर वीस पावलांवर वाटेवर आडवी रेघ मारून ठेवली होती. श्रावण संपेपर्यंत रेघा तुटल्या. चाळीस पावलांवरची तर अख्खी नाहीशी झाली.

माझा संशय लल्लन मिस्त्रीवर होता. आमची वाट मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याचा एक डोळा कायम बारीक झालेला, त्यामुळे तो आपल्याकडे बघतो तेव्हा आपल्याला जोखतोय असं वाटतं. दुकानासमोर चिखल होऊ नये म्हणून त्यानं गिट्टी पसरली होती. मी बिजागरीची चौकशी करायच्या निमित्तानं दोनदा जाऊन त्या गिट्टीत पांढरा दगड शोधला. एकही मिळाला नाही. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. इतका बेरकी माणूस रंगवलेला दगड दारात ठेवील कशाला?

अवजारासाठी मी शहरात अंधरापुलाजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं चहा मागवला, म्हणजे मी सावध झालो. त्यानं दोन वस्तू दाखवल्या. एक नुसतं पातं, ट्रॅक्टरच्या मागे आडवं बसणारं, तिरकं करता येणारं. दुसरी लोखंडी पेटी, तळ उघडा, पुढच्या बाजूला खाली सोडायचे पाच दाते. दाते जमीन उकरतात, पेटी माल ओढत नेते आणि खड्ड्यात सोडते. "दोनों ले जाइए, हफ्ता भर चलाइए, जो पसंद आए रखिए," तो म्हणाला. फुकट वापरायला देणारा माणूस कुठेतरी वसूल करतोच. पण दोन्हींचं छापील पत्रक होतं, शिक्का होता, पोचपावती होती. कागद असला की मला जरा बरं वाटतं. मी दोन्ही आणली.

आधी पातं लावलं. पहिल्या फेरीत छान दिसलं. तिसऱ्या फेरीत वाटेवर लाटा उठल्या. पाचव्या फेरीत त्या लाटा इतक्या वाढल्या की ट्रॅक्टरवर माझी कवळी वाजायला लागली. कोपऱ्यावर लल्लन बिडी ओढत बघत होता. शेवटी तो चालत आला.

"साहब, आगे का पहिया गड्ढे में उतरता है तो पीछे पत्ती उठ जाती है. पहिया चढ़ता है तो पत्ती धँसती है. आप गड्ढे की नकल बना रहे हैं."

तो बरोबर बोलत होता, म्हणूनच मला राग आला.

"मग काय करू म्हणतोस?" मी हिंदीत विचारलं.

"लंबा पाटा चाहिए. लोहे की चौकट, दो पट्टी आगे-पीछे, ट्रैक्टर से लटके नहीं, जमीन पर घिसटती चले. एक पट्टी गड्ढे पर रहे तो दूसरी सँभाल ले. और साहब, मोरम मिलाइए. खाली गिट्टी कभी नहीं बैठेगी."

"मुरूम तू विकतोस वाटतं?"

"नहीं साहब, ताल के किनारे पड़ी है. जो चाहे उठा ले."

"मग तुझा यात फायदा काय?"

तो हसला. "फायदा क्या? अम्माजी की रिक्शा दरवाजे तक आ जाएगी."

सुनीतीच्या रिक्षाचं याला कुणी सांगितलं? आमच्या घरातलं बोलणं दोनशे पावलं लांबच्या दुकानात कसं पोचलं? मी ट्रॅक्टर वळवला, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी एक बोल्ट घ्यायच्या निमित्तानं मी त्याच्या दुकानात शिरलो. तो आत पाणी प्यायला गेला तेवढ्यात मी मागची ताडपत्री उचलली. खाली रूळ होते. आगगाडीचे रूळ. सहा-सहा फुटांचे दोन तुकडे, समोरासमोर ठेवलेले, मधे लोखंडी पट्ट्या जोडायचं काम अर्धवट झालेलं.

रूळ दिसला की माझा हात आपोआप त्याच्या कुशीवर जातो. तिथे कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. गंज खरवडून मी वाचलं: १८८९. एवढ्यात लल्लन बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला.

"ये कहाँ से आया?"

"पुराना माल है, साहब."

"किसने दिया?"

"मिल गया." तो जमिनीकडे बघायला लागला.

"कागज?"

"इसका कागज काहे का, साहब."

ही मान खाली घालणं मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे. रेल्वेचा माल ज्याच्या घरात सापडतो त्या प्रत्येकाला तो असाच मिळालेला असतो. मी बोल्ट न घेता घरी आलो.

सुनीती खुर्चीत बसून गवार मोडत होती. "लल्लनकडे गेला होतात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"हाताला गंज लागलाय." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "काय काय पाहिलंत तिथे?"

हा प्रश्न तिनं विचारायचं कारण काय? मी "काही नाही" म्हटलं. तिनं पुन्हा गवारीत डोकं घातलं, पण मला तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी दाताच्या डॉक्टरकडे शहरात गेलो होतो. परत आलो तर मोरीत दोन कप. ओसरीवर सुनीतीच्या भावाचं, विश्वेश्वरदादांचं, उपरणं राहिलेलं. दादा घाटावर मुलांना वेद शिकवतात, गंगा ओलांडायची म्हणजे त्यांना संकट वाटतं. असा माणूस मी घरात नसताना येतो?

"कुणी आलं होतं?" मी विचारलं.

"ह्या रास्त्यावरून कोण येणार?" सुनीती म्हणाली. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. उपरण्याबद्दल मी बोललो नाही. पुरावा हातचा सोडायचा नसतो.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी सगळं जुळवलं. दोन वर्षांपूर्वी दादांनी मला सहज विचारलं होतं, "तुमच्या बाजूला जमिनीचा काय भाव चालू आहे?" मी तेव्हाच ते मनात टिपून ठेवलं होतं. आता लल्लन गिट्टी पळवतो, वाट बिघडते, सुनीती कंटाळून माहेरी जाते, मी एकटा इथे राहून काय करणार, जमीन विकतो. घेणारे दादा, मधला माणूस लल्लन. आणि सुनीती? तिला यातलं किती माहीत होतं, यावर मी बराच वेळ विचार केला. बत्तीस वर्षांच्या संसारात मी कधी इतका एकटा नव्हतो. शेजारी ती शांत झोपली होती आणि मला तिच्या झोपेचाही संशय आला.

सकाळी मी पडावच्या टेलिफोन बूथवरून एका ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. रेल्वेच्या मालाच्या चोऱ्या बघायचं काम त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, नाव दिलं नाही तरी चालेल. मी नाव दिलं, हुद्दा दिला, पत्ता दिला. मी आयुष्यात निनावी तक्रार केलेली नाही, याचा मला अभिमान होता.

दुपारी जीप आली. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहत होतो. लल्लनला बसवलं, दोन्ही रूळ चढवले, जीप गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच उत्साहात मी पातं काढून ती दात्यांची पेटी जोडली आणि दाते पूर्ण खाली सोडले. चोर गेला होता, आता वाट दुरुस्त करायला हरकत नव्हती. दाते खोल रुतले, ट्रॅक्टर कण्हत निघाला. चाळीस पावलांवर मी सहज मागे पाहिलं आणि क्लच दाबला.

चिखलात काहीतरी पांढरं चमकत होतं.

मी खाली उतरलो, गुडघे टेकून हातानं उकरलं. एक पांढरा दगड. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. वीतभर खाली माझी अख्खी रेघ होती, एका ओळीत, मी मारली होती तशी. कुणीही एकही दगड उचलला नव्हता. मऊ जमिनीत गिट्टी खाली गेली होती आणि चिखल वर आला होता. रुळांखाली हे मी किती वेळा पाहिलं असेल. कुणा गँगमननं मला असं दाखवलं असतं तर दोन वाक्यांत समजावून सांगितलं असतं त्याला. माझ्याच वाटेवर मात्र मला चोराशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं.

"अहो!"

सुनीती दारात वॉकरला धरून उभी होती. पायरीवर लल्लनची बायको पदर तोंडाला लावून बसली होती. शेतातल्या बांधावरून आली असावी. मी तसाच, हातात पांढरा दगड घेऊन गेलो.

"लल्लनला कुणी पकडवलं?" सुनीतीनं विचारलं.

"त्याच्याकडे रेल्वेचे रूळ होते. चोरीचे."

"ते माझे रूळ होते."

मला समजेना.

"माझ्या माहेरचे," ती म्हणाली. "स्वयंपाकघराचं छत तीन महिन्यांपूर्वी उतरवलं. पणजोबांनी लिलावातून घेतलेले रूळ टाकून वर दगडी पटिया बसवल्या होत्या. लहानपणी बाबा मला कडेवर घेऊन वरचे आकडे दाखवायचे. एक, आठ, आठ, नऊ. इंग्लिश आकडे मी त्याच्यावर शिकले. दादाकडे दोन तुकडे मागून घेतले आणि लल्लनला म्हटलं, यांना वाट करायला पाटा बनवून दे. तुमच्याच जन्माच्या कामाचं लोखंड, तुम्ही खूश व्हाल असं वाटलं. म्हणून म्हटलं, तयार होईपर्यंत साहेबांना सांगू नको. दादा गुरुवारी तेच बघायला आला होता."

तेवढ्यात लल्लनच्या बायकोनं वर माझ्याकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. आवाज चढवायचा माझा विचार नव्हता, पण चढला.

"सांगितलं असतं तर तुम्ही कागद मागितला असता. माझ्या बापाच्या छताचा."

त्याच क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. हातातला दगड खाली ठेवून तिची माफी मागायला हवी होती. पण इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर आली. "आणि दादा जमिनीचा भाव कशाला विचारत होते?"

सुनीती वॉकर टेकत माझ्याजवळ आली.

"दोन साल झाले त्या गोष्टीला. इतके दिवस मनात ठेवलंत?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला इथे जागा घ्यायची होती. शेजारी. मी एकटी पडते म्हणून."

हातातला दगड मी तेव्हा पायरीवर ठेवला.

"मी दादाकडे जाते," ती म्हणाली. "पण खाटेवरून नाही. रास्ता होऊ दे. रिक्षात बसून जाईन."

मी त्याच पावली त्या अधिकाऱ्याकडे जाऊन माझा जबाब लिहून दिला. एवढा जुना, एवढ्या हलक्या वजनाचा रूळ आज कुठल्याच चालू लाइनीत नाही. असे रूळ लिलावात विकले जात आणि काशीतल्या निम्म्या जुन्या घरांची छतं त्यांच्यावर उभी आहेत. हे लिहिताना तो अधिकारी मला म्हणाला, "सर, आप तो साल पढ़ते ही समझ गए होंगे." तो मला मान देऊन बोलत होता. मी मान हलवली. मी साल वाचलं होतं, आणि ते समजून घ्यायची माझी इच्छा नव्हती, एवढंच.

लल्लनला दुसऱ्या दिवशी सोडलं. एकाच टेम्पोत आम्ही परत आलो, रूळ आमच्या पायांशी. त्याच्या दुकानाशी उतरताना तो म्हणाला, "साहब, एक बार पूछ लेते."

"पूछा तो था."

"पूछा नहीं था, साहब. जाँच की थी."

मी त्याची माफी मागितली. हात जोडून, रस्त्यावर. त्यानं बारीक डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि रूळ ओढत आत नेले.

तीन दिवस त्याच्या दुकानातून आवाज आला नाही. चौथ्या दिवशी वेल्डिंगचा प्रकाश दिसला. पाचव्या दिवशी तो चौकट साखळीनं ओढत आमच्या दारात आला आणि माझ्याशी न बोलता सुनीतीला म्हणाला, "अम्माजी, आपका पाटा."

पातं आणि पेटी मी दुकानदाराला परत करून टाकली. मग तळ्याकाठचा मुरूम आणला. ट्रॉलीतून माझ्या स्वच्छ गिट्टीवर लाल माती पडली आणि मी स्वतःच्या हातानं फावडं चालवलं. पाणी मारलं. पाटा जोडला. पाट्याला वजन हवं म्हणून लल्लन मागे त्याच्यावर उभा राहिला आणि मी ट्रॅक्टर हाकायला बसलो. तो माझ्या पाठीमागे. दर दहा पावलांनी माझी मान वळत होती.

"आगे देखिए, साहब," तो ओरडला. "पीछे मैं हूँ."

मी पुढे बघायला लागलो. सोपं नव्हतं. पण रूळ लाटांचे माथे कापत होते, माल खड्ड्यात भरत होते, आणि जिथे एक रूळ खाली जायचा तिथे दुसरा त्याला सावरून धरायचा. आम्ही दोन्ही कडांनी मधे ओढत गेलो, म्हणजे वाट मधोमध थोडी उंच झाली आणि पाणी दोन्ही बाजूंना उतरायला लागलं. चार दिवस हेच केलं. बोललो थोडं, तेही मुरमाबद्दल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लल्लनला ताप आला. घराजवळची तीस पावलं तेवढी राहिली होती. "बस दो फेरा है, साहब, पत्थर रखकर खुद खींच लीजिए," त्यानं निरोप पाठवला. मी पाट्यावर दगड ठेवले, ट्रॅक्टर सुरू केला आणि तसाच बसून राहिलो.

तीस पावलं मुरूम पडला होता, पण गिट्टी अजून सुटीच होती. रिक्षा एकशे सत्तर पावलं येईल आणि तिथे रुतेल. सुनीती खाटेवर बसणार नाही, म्हणजे जाणार नाही. मला काही करायचंच नव्हतं. लल्लनला ताप आहे, ट्रॅक्टर बिघडला, पाऊस पडला, कारणं दहा देता आली असती आणि तिनं विश्वास ठेवला असता. तिनं नेहमी माझ्यावर विश्वास ठेवला आहे. ती इथे राहिली असती, ह्या घरात, माझ्यासमोर, वॉकर धरून दारात उभी. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की ट्रॅक्टर बंद करायला मी चावीकडे हात नेला.

खिडकीतून ती माझ्याकडे बघत होती. मी काय करतो ते बघत होती असं मला वाटलं. मग वाटलं, नुसतीच बघत असेल. मी गिअर टाकला. दोन फेरे सांगितले होते, मी पाच मारले. पायरीपर्यंत.

दसऱ्याचा स्वयंपाक तिनं खुर्चीत बसून केला. आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली. कोपऱ्यावर थांबली नाही, घंटी वाजवत सरळ आली आणि पुढचं चाक आमच्या पायरीला लावून उभी राहिली. रिक्षावाला मागे वळून वाटेकडे बघत म्हणाला, "वाह."

मी सुनीतीला धरून बसवलं. वॉकर घडी करून तिच्या पायांशी ठेवला, पत्र्याची पेटी दुसऱ्या बाजूला. पेटी जड होती. आत किती दिवसांचे कपडे आहेत हे मला वजनावरून सांगता आलं असतं. मी अंदाज केला नाही. परत कधी येणार, हा प्रश्न ओठावर आला होता. येणार का, हासुद्धा.

"जाते," ती म्हणाली.

मी मान हलवली.

तिनं थोडी वाट पाहिली. मी काही विचारत नाही असं पाहून तिनं माझ्याकडे नीट बघितलं, कित्येक दिवसांनी.

"कोजागिरीला हाच येईल तुम्हाला घ्यायला," ती म्हणाली. "वाटलं तर या. मी काय करते ते बघायला नको. दूध प्यायला या."

रिक्षा निघाली. दोनशे पावलांत रिक्षावाला एकदाही खाली उतरला नाही. लल्लन दुकानाबाहेर घोंगडी पांघरून उभा होता, त्यानं तिला नमस्कार केला आणि रिक्षा पुलाकडे वळली. मी पायरीवर बसलो. कोजागिरीला अजून चार दिवस होते.